डावीकडं झुकलेली गाडी

आणे घाटात पिकअपचं स्टेअरिंग निकामी होऊन गाडी उलटली. शेजारी डावीकडं बसलेली बायको, जोहराबी, गेली, हे इब्राहिमला दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर कळलं. दोघं तिच्या माहेरी, डिंभ्याला निघाले होते.

गाडी दुरुस्त झाली. पण रिकामी असली तरी डावीकडं झुकायची.

"चाचा, चाकांवरचे कमानपाटे नवेकोरे टाकलेत. तरी झुकतीय. इकून टाका राव," मेस्त्री मोहसीन म्हणाला.

"झुकू दे. माझी गाडी हाय."

इब्राहिम डिंभ्याला निघाला. घाटातल्या त्याच वळणावर गाडी सरळ झाली. मग हळूहळू त्याच्या बाजूला झुकली. स्टेअरिंग त्याच्या हाताखालून दरीकडं वळू लागलं.

त्यानं ते दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"जोहरा, आपल्या जागंवर बस. त्या दिवशी हातातनं सुटलं, आज मी सोडत नसतो."

स्टेअरिंग थांबलं, पण गाडी त्याच्याच बाजूला झुकलेली राहिली.

जोहराबीला माहेरी पोचवायचं अजून राहिलं होतं.