हक्काची केस

बालरोगाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत डॉक्टर हिमांशूच्या समोर नेमकी खुशबू आली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मुर्री गावची ही नऊ वर्षांची मुलगी म्हणजे कॉलेजची लठ्ठपणाची हक्काची केस. आजवर तिच्यावर कोणी नापास झालं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी त्यानेच तिच्या आईला फोन केला होता, "रुख्माताई, खुशबूला नक्की आणा. तिच्यासारखी केस दुसरी नाही."

"हिचं वजन कशामुळे वाढलं?" परीक्षकांनी विचारलं. हिमांशूने सात कारणं घडाघडा सांगितली. परीक्षक खूश झाले.

केसला परीक्षेनंतर नाश्ता द्यायचा रिवाज होता. समोसे-जिलेबीचा पुडा घेऊन तो बाहेर आला, तेव्हा रुख्माताई जरा संकोचून म्हणाल्या, "सायेब, मधातल्या काळात पोरगी चार किलो उतरली होती. रोज शाळेत पायी जाऊन राहिली होती. मंग तुमचा फोन आला. म्हटलं, बारीक पोरगी नेली तं सायेब फेल होतीन. मंग तिचं चालनं बंद केलं, तूप वाढवलं. आनलं सारं भरून."

त्या सात कारणांत त्याचा फोन नव्हता. पुडा द्यावा की पाठीमागे लपवावा, हिमांशूला कळेना.

खुशबूनेच तो त्याच्या हातातून घेतला. "सर, आता कमी करू का? का अजून कोनाचा पेपर आहे?"

हिमांशूने मागे वळून पाहिलं. पुढच्या वर्षी परीक्षेला बसणारी ज्युनिअर रुख्माताईंचा नंबर लिहून घ्यायला पेन उघडून उभी होती.