वेशीत अडकलेलं यंत्र

तीन वेढे पडूनही आमच्या गढीची वेस फुटली नाही, याचा गावाला भारी अभिमान. म्हणून सरपंच भाऊसाहेबांनी, पूर्वी वेढा घालणारे तटावर दगड फेकायला वापरायचे तसलं लाकडी यंत्र नगरहून हुबेहूब बनवून आणलं. ते गढीच्या चौकात ठेवायचं होतं, पण टेम्पो वेशीतच अडला. यंत्र कमानीपेक्षा दोन हात उंच निघालं.

"सुटं करून न्या की आत," चांगुणामावशी म्हणाल्या.

"मावशी, कोऱ्या वस्तूची मोडतोड करायची व्हय?" भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी जेसीबी बोलावला.

दुपारपर्यंत वेशीची कमान खाली आली आणि यंत्र चौकात पोचलं.


रविवारी आमदारांनी फीत कापून आधीच रंगवलेली पाटी मोठ्यानं वाचली : 'असल्या यंत्रांनाही आमची वेस फोडता आली नाही.'