ढिला ताणा

"ताणा ढिला आहे तुमचा," कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता गौसभाई म्हणाले, आणि बसलिंगप्पांचं डोकंच फिरलं.

अक्कलकोट रोडवरच्या त्यांच्या कारखान्यात सगळे माग फोटोसाठी बंद ठेवले होते. परदेशच्या गिऱ्हाइकाला कारखाना बघायचा होता, मालकासकट. जागा अरुंद, माग अंगाला अंग लावून उभे, आणि मागं सरकायला जावं तर भिंत. म्हणून गौसभाईंनी आपली लाडकी अठ्ठावीस एमएमची वाईड लेन्स लावली होती. लेन्स चाळीस वर्षांची, सगळं हातानं फिरवायचं. पावलांनी अंतर मोजायचं, रिंगवर तो आकडा आणायचा, खटका दाबायचा. कॅमेऱ्याला फोकस करायला सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या हातानं जेवणं, असं भाईंचं म्हणणं. साठी उलटली तरी सोलापुरात आपल्याइतका तेज डोळा कुणाचा नाही, हेही त्यांचंच म्हणणं. लोकही तेच म्हणत, खोटं कशाला बोला.

"ढिला?" बसलिंगप्पा पुढं आले. "अहो, तीन पिढ्या चादरी विणतोय आमी! ढिल्या ताण्यावर धंदा केला असता तर कवाच शटर ओढलं असतं."

"मला दिसलं ते सांगितलं, शेट. मागावरचे उभे दोरे मधोमध वाकलेत. फोटोत दिसणार ते."

"अंबुबाई! या हो जरा हिकडं. भाई काय म्हणायलेत बघा."

अंबुबाईंचं अर्धं आयुष्य या मागांवर गेलेलं. त्यांनी ताण्यावरून तळहात फिरवला, मग मधल्या दोऱ्यांवर बोटानं टिचकी मारली.

"तंग हाय, मालक. वाजतोय बघा की."

वाजला खरा. गौसभाईंनीही ऐकलं. त्यांनी पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. दोन्ही बाजूंचे दोरे नीट होते, मधले मात्र कुणीतरी बोट घालून ओढल्यासारखे.

"म्हणजे लेन्स गेली," ते पुटपुटले. पोरासारखी सांभाळलेली वस्तू. पण हिशेब जुळत नव्हता. वाईड लेन्स रेघा वाकवते ती कडेला. मधल्या रेघेला ती कधी हात लावत नाही, हे त्यांनीच आजवर दहा जणांना शिकवलं होतं. त्यांनी लेन्स काढली, ट्यूबलाइटसमोर धरली, मलमलच्या फडक्यानं पुसली. काच लख्ख होती. बॅगेतली दुसरी लेन्स लावून बघितलं. तोच बाक, त्याच जागी.

म्हणजे दोष लेन्सचा नव्हता.

जुनी लेन्स परत चढवून त्यांनी कॅमेरा अंबुबाईंपुढं धरला. "ताई, जरा यातून बघता?"

अंबुबाईंनी पदराला हात पुसले आणि डोळा लावला. "अगंबाई! समदा कारखाना मावला की ह्यात."

"दोरे कसे दिसतात?"

"कसे म्हंजे? सरळ हायती. भांग पाडल्यावानी."

गौसभाईंनी कॅमेरा घेतला आणि गळ्यात सोडला. कॅमेऱ्याला ते नेहमी उजवा डोळा लावत. त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला आणि नुसत्या उजव्यानं ताण्याकडं पाहिलं. मधे ना लेन्स, ना काच.

दोरे वाकलेले.

हात बदलला. उजवा झाकला. सरळ. पुन्हा डावा झाकून दाराच्या चौकटीकडं पाहिलं, तिला बाक. ट्यूबलाइटला बाक. समोर अंबुबाई उभ्या होत्या, त्यांचं कुंकू कपाळावरून बाजूला सरकलं होतं आणि खाली नाकाच्या जागी नुसता धुरकट डाग होता.

या अल्ला! चाळीस वर्षं ज्या डोळ्याची भाकरी खाल्ली तो मधोमध गेला होता, आणि ते लोकांच्या ताण्याला नावं ठेवत होते. हे कधीपासून? दोन्ही डोळे उघडे असले की काही म्हणता काही कळत नव्हतं. एवढी मोठी गोष्ट, आणि आपल्याच डोळ्यानं आपल्याला सांगितली नाही?

"काय झालं ओ, भाई?" अंबुबाईंनी हळूच विचारलं. "असं का बघायलेत?"

"काही नाही." त्यांनी डोळ्यावरचा हात काढला. "शेट, ताणा बरोबर आहे तुमचा. मी चुकलो. माफ करा."

बसलिंगप्पांचा राग कुठल्या कुठं पळाला. "मग? मी काय सांगत होतो? आता पहिलं डोळं तपासून घ्या तुमी!" असं म्हणून ते स्वतःच मोठ्यानं हसले. अंबुबाई हसल्या नाहीत. मालकांना त्याचं काही नव्हतं. ते दोन मागांच्या मधे जाऊन उभे राहिले, शर्ट खाली ओढला, कपाळावरचं भस्म नीट केलं.

गौसभाई त्यांच्यापासून पावलाला पाऊल लावत मागं आले. आठ. डाव्या डोळ्यानं आकडा बघून रिंग आठ फुटांवर आणली. मग सवयीनं कॅमेरा उजव्या डोळ्यालाच गेला.

दोन्हीकडचे माग दिसले. पांढरा शर्ट दिसला, पोटावर बांधलेले हात दिसले. कॉलरच्या वर चेहरा नव्हता.

"मी बरोबर मधोमध आलोय न्हवं, भाई?"

"अगदी मधोमध," गौसभाई म्हणाले आणि त्यांनी खटका दाबला.