कुत्र्याचा वाटा

हरेशने मुंबईहून एका खेळाच्या नियमांची झेरॉक्स आणली होती. दर रविवारी दुपारी कसाऱ्याला त्याच्या पडवीत तो राक्षसांची गोष्ट सांगायचा, आणि साईनाथ नि मी त्या गोष्टीत शिरून फासे टाकत लढायचो. साईनाथ योद्धा, मी वैद्य. राक्षस मेला की हरेश वहीत अनुभवाचे गुण लिहायचा; गुण साठले की एक पायरी वर. शेवटचा घाव ज्याचा, सगळे गुण त्याचे. घाव कायम साईनाथचा. तो मरायला टेकला असताना तीनदा मी त्याला उठवला होता, तरी तो सातव्या पायरीवर आणि मी अजून पहिल्याच.

"आमच्या उंबरमाळीला डुकराच्या शिकारीत रान उठवणाऱ्याला पण वाटा मिळतो," मी एकदा बोललेच. "कुत्र्याला पण."

"मग तुला कुत्र्याचा देऊ का गो, रेश्मा?" हरेश खिदळला आणि माझ्या नावापुढे एक गुण लिहिला. भज्याने भरलेलं तोंड उघडं टाकून साईनाथ इतका हसला, की मला शिसारी आली.

पुढच्याच लढाईत राक्षसाने साईनाथला आडवा केला.

"रेश्मा, जखम बांध गो लवकर! मेलो तर परत पहिल्यापासून!" त्याने फासे माझ्याकडे ढकलले. त्यांना त्याच्या बोटांचं तेल लागलं होतं. मी ते ओढणीच्या टोकाने उचलले आणि हरेशच्या वहीवर ठेवून दिले.

"मला नाय जमायचं रे," मी म्हटलं. "वहीत बघ. मला अनुभवच नाय."