नव्याकोऱ्या खुर्च्या

बालवाडीत पाऊल टाकताच सेवा क्लबच्या नव्या अध्यक्ष कालिंदीताईंचं डोकं सणकलं. क्लबनं दिलेल्या चिमुकल्या खुर्च्या कोपऱ्यात प्लास्टिकसकट रचून ठेवलेल्या, आणि पोरं शेंबूड ओढत गार फरशीवर!

"या काय पूजेला दिल्यात?" त्या बालवाडीच्या बाईंवर कडाडल्या.

"मॅडम, तुमच्या सेक्रेटरींनीच बजावलंय. क्लबचे प्रांतपाल भेटीला येईपर्यंत प्लास्टिक काढायचं नाही. फोटोत खुर्च्या नव्याकोऱ्या दिसायला हव्यात."

ताईंनी पदर खोचला आणि एकेका खुर्चीचं प्लास्टिक टराटरा फाडलं. त्यातला तुकडाही टाकू दिला नाही. सगळं गाडीत भरलं.

संध्याकाळी साप्ताहिक सभेला आलेली मंडळी हॉलच्या दारातच थबकली. गुबगुबीत खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या, वर तेच फाटकं प्लास्टिक.

"अध्यक्षबाई, हा काय तमाशा?" सेक्रेटरी तडकले.

"प्रांतपाल यायचेत ना? राहू देत नव्याकोऱ्या. बसा खाली!"

कण्हत, गुडघे धरत एकेक जण टेकला. सेक्रेटरी सगळ्यात शेवटी.

"फरशी फार गार आहे हो," ते पुटपुटले.

"कळलं ना?" म्हणत ताईंनी सभेची घंटा दणकन वाजवली.