सासूबाईंची घंटा

आमच्या पहारेकरी प्रोग्रामला दादा 'सासूबाई' म्हणतो, कारण त्या कुणाचं काही खपवून घेत नाहीत. दोन मशीन एकमेकांशी बोलत असताना त्या कान लावून बसतात आणि नियम मोडला की घंटा वाजवतात. नियम मी गणिताच्या भाषेत लिहिलेत, पळवाट नको म्हणून. पहिलाच नियम: प्रश्नाआधी उत्तर येता कामा नये.

आज भरदुपारी आम्ही चाचणी घेत होतो. मी या खोलीतून काहीबाही विचारायचं, दादाने पलीकडच्या खोलीतून उत्तर द्यायचं. मध्येच घंटा वाजली. पडद्यावर उत्तर होतं, "दोन चमचे." 'साखर किती?' हे मला अजून टाइप करायचं होतं.

"दादा, मनकवडा झालास की काय?" मी ओरडले.

"तूच विचारलंस ना गं!" तो पलीकडून हसला. "घड्याळं तपास तुझी. मी चहा आणतो."

घड्याळं बरोबर होती. मग गंमत म्हणून मी हाताची घडी घालून बसले. बघू या, न विचारता पडद्यावर काय उत्तर येतं ते.

घंटा वाजली. "मी लावलं."

मला हसूच फुटलं. तेवढ्यात दोन्ही हातांत कप घेऊन दादा शीळ घालत आत आला. पलीकडे आता कुणीच नव्हतं. त्याच्या पाठीमागे दार हलकेच मिटलं आणि आतली कडी सरकली.

विचारू नकोस, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण दादा भलताच खुशीत होता.

"अरे वा! दार कोणी लावलं गं?"