अण्णांचा कोकीळ

चादरीच्या पडद्यापुढे उभं राहून दिवाळसणाला आलेल्या जावयाने पावशाची हाक दिली आणि हॉलमध्ये बसलेलं सगळं घर टाळ्या पिटू लागलं. अण्णांना मात्र तो पावशा बिघडलेल्या कुकरसारखा वाटला. घरच्या या पक्ष्यांच्या आवाजांच्या कार्यक्रमात आजवर त्यांचाच कोकीळ भाव खाऊन जायचा.

त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि अंगाचा तिळपापड झाला. एरवी कितीही विनवलं तरी कानाचं यंत्र न लावणारी शकुंतला आज ते लावून बसली होती!

अण्णांची पाळी आली. ते उठले, तसं तिने यंत्र काढून डबीत ठेवलं.

"जावयासाठी लावलं, माझ्या वेळी काढलं!" ते पुटपुटले. रागाने घसा असा आवळला, की फुगवलेल्या गालांतून नुसती हवा बाहेर पडली. नातवंडांनी माना खाली घातल्या.

शकुंतला मात्र त्यांच्या गालांकडे बघत डोलत होती. गाल खाली बसताच तिने जोरजोरात टाळ्या वाजवल्या आणि तोऱ्यात जावयाकडे वळली.

"ऐकलंत ना, जावईबापू? यांच्या कोकिळाला मला यंत्र लागत नाही. इतक्या वर्षांत एक सूर हलला नाही!"